माल मिक्स, नेट सातशे साठ

"मले घराबाहेर काढू नको, सुजाता," सासूबाईंनी मला जूनमध्येच सांगितलं होतं. "मी निघाली का एकटी वापस येत नाही."

मला वाटलं, आळसाला माणसं काय काय नावं देतात. एरवी धोक्याची सूचना वाचणं हा माझा स्वभाव आहे. औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर मी वाचते. फुग्यांच्या पाकिटावर "तीन वर्षांखालील मुलांना देऊ नये" असं असतं, तेही वाचते, आणि माझी मुलगी मित्रा चार वर्षांची असली तरी देत नाही. पण ही सूचना घरातल्याच माणसानं, चवळीच्या शेंगा मोडता मोडता दिली होती. घरातल्या माणसाचं कोण ऐकतं?

शिवाय माझ्या हातात रिपोर्ट होता. सासूबाईंची, म्हणजे भीमाबाईंची, तीन महिन्यांची शुगर आठ पॉइंट आठ. वय चोपन्न, वजन नव्वदीच्या घरात, कंबर आणि उंची यांच्यात फारसं अंतर उरलेलं नाही. डॉक्टरीणबाई शांत होत्या. जेवण झालं की अर्धा तास चालायचं, दिवसातून दोनदा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त, आणि आकडा आठच्या खाली आला नाही तर गोळीवर भागणार नाही, इन्सुलिनची सुई. आम्ही दाराशी पोचल्यावर त्या आणखी एक बोलल्या होत्या: "वजनाकडे फार बघू नका. काटा हलला नाही तरी चालण्यानं शुगर हलते. स्नायू कामाला लागले की तेच साखर खातात."

हे शेवटचं वाक्य कोणाच्याच कानात शिरलं नाही. आम्ही सगळे सुईपाशी अडकलो होतो. सासूबाईंच्या मोठ्या बहिणीला नागपुरात सुई सुरू झाली आणि वर्षाच्या आत त्या गेल्या. सुईमुळे नव्हे, सुई फार उशिरा सुरू केल्यामुळे. पण हे सासूबाईंना पटवणं कोणालाही जमलेलं नाही. रिक्षात त्यांनी एवढंच म्हटलं, "मले सुई लावली का मी गेली समज." मग पदर नीट केला आणि पावर हाऊसच्या चौकापर्यंत बाहेर बघत राहिल्या.

म्हणून मी त्यांना चालायला काढलं.

पहिल्या दिवशी आम्ही पंचेचाळीस मिनिटं बाहेर होतो. त्यातली अकरा मिनिटं चाललो. उरलेली चहात गेली. आमच्या सेक्टरात सासूबाई पंचवीस वर्षं राहतात, आणि त्यांच्या हिशेबानं ओळखीच्या माणसाच्या फाटकासमोरून चहा न घेता जाणं म्हणजे त्याच्याशी भांडण झाल्याचं जाहीर करणं. स्ट्रीट दोनच्या तोंडाशी मल्याळी मावशींची कॉफी आणि केळ्याचे वेफर्स, कोपऱ्यावर बंगाली काकूंचा संदेश, पुढे बिहारी भाभींचा तळलेला गोड ठेकुआ, आणि वळणावर छत्तीसगढी वहिनींची खुरमी, तीही गोडच. भिलाईच्या पोलाद प्लान्टनं देशभरातून माणसं आणून इथं वसवली, ते राष्ट्रीय एकात्मतेसाठी होतं असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ती एकात्मता माझ्या सासूच्या पोटात रोज संध्याकाळी पूर्ण होत होती.

मी बी.एस्सी. मॅथ्स आहे. मी सेक्टरचा नकाशा काढला आणि एकही ओळखीचं फाटक लागणार नाही असा रस्ता शोधायला बसले. असा रस्ता नाही. ज्या एकाच गल्लीत ओळखीचं कोणी नव्हतं तिथं बाहेर ओट्यावर उभ्या असलेल्या बाईला सासूबाईंनी नाव विचारलं, माहेर विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथंही चहा सुरू झाला.

त्यात सासूबाईंची जूनमधली सूचना खरी ठरू लागली. जिच्या घरी चहा घ्यावा ती चपला घालून बरोबर निघे. जुलै लागेपर्यंत आमच्या नऊ जणी झाल्या होत्या, सगळ्या पंचेचाळीस ते साठमधल्या, सगळ्या डॉक्टरांनी कधी ना कधी "थोडं वजन कमी करा" म्हटलेल्या. प्रत्येकीकडे उपाय होता. नूतनताई मेथीचं पाणी प्यायच्या आणि इतरांनाही पाजायच्या. त्यांच्या पर्समध्ये पोट थरथरवणारा एक पट्टाही असे, तो त्या बँकेच्या रांगेतसुद्धा बांधत. मी काही बोलले की त्या म्हणत, "तुले काय समजते, तू तं काडी आहेस." दुधावरच्या सायीइतकंही माझं वजन नाही, म्हणून माझ्या मताला नव्हतं.

आणि अंजनाबाई होत्या. सासूबाईंची तीस वर्षांची मैत्रीण, दोघी लग्न होऊन कॅम्प-1 वस्तीत शेजारीशेजारी आल्या होत्या. आता त्या आमच्यापासून पावणेदोन किलोमीटरवर, दुसऱ्या सेक्टरात राहतात. यजमान गुलाबराव रेल्वेत गार्ड, महिन्यातले पंधरा दिवस घराबाहेर. मुलं पुण्यात. नऊ जणींत त्या सगळ्यात जाड आणि सगळ्यात आधी हसणाऱ्या. चालताना त्या स्वतःलाच शिट्टी देत, "मालगाडी हाय बाई, सिग्नल द्या." माझी मित्रा त्यांची मांडी सोडत नसे. शुगर मात्र त्यांनी कधी तपासली नव्हती. मी विचारलं की म्हणायच्या, "मशीन फुटन, पोरी. सरकारी मालमत्ता आहे."

आता नऊ बायका चालायला लागल्या म्हणजे नऊ वजनकाटे आले. नूतनताईंचा काटा प्रत्येकीला तीन किलो कमी दाखवी, म्हणून त्यांच्या घरी गर्दी. आमचा काटा एका फरशीवर एक आणि दुसऱ्या फरशीवर दुसरंच बोले. वाद वाढला आणि सासऱ्यांच्या कानावर गेला.

सासरे आनंदराव प्लान्टमधून रिटायर झाले ते काटाघरातून. छत्तीस वर्षं त्यांनी वॅगन आणि ट्रक तोलले. रिकामी गाडी, भरलेली गाडी, दोघांतला फरक म्हणजे माल: या पलीकडे जगात समजून घेण्यासारखं फार नाही असं त्यांचं मत आहे. घरच्या काट्याला ते खेळणं म्हणतात, कारण त्याला सरकारी शिक्का नसतो.

"वजन कराचं तं शिक्केवाल्या काट्यावर करा," ते म्हणाले. "हथखोजले भैयालालचा धरमकाटा आहे. माह्या हाताखाली शिकलेला पोऱ्या."

मी सांगून पाहिलं की डॉक्टरीणबाई वजनाकडे बघू नका म्हणाल्या होत्या, निदान मला तसं अंधुक आठवत होतं. बाबा म्हणाले, तोलल्याशिवाय कमी झालं हे कळणार कसं? मी मॅथ्सवाली, मला ते पटलं. माझे यजमान अतुल बी-शिफ्टला निघाले होते. त्यांनी हेल्मेट घेतलं आणि जाता जाता इतकंच विचारलं की मला यातून बाहेर राहता येईल का. माझीच योजना, मी कशी बाहेर राहणार?

तर एका रविवारी सकाळी नऊ बायका मिनी ट्रकच्या मागच्या हौद्यात सतरंजी टाकून बसल्या आणि आम्ही हथखोजला गेलो. दोन्ही बाजूंना कारखाने, रस्त्यावर लोखंडाची धूळ, आणि मध्ये भैयालालचा धरमकाटा, म्हणजे अख्खा ट्रक तोलायचा काटा. मी, मित्रा, बाबा आणि ड्रायव्हर आधीच खाली उतरलो. बायकांसकट ट्रक काट्यावर चढला. सतराशे वीस. मग बायका उतरल्या, रिकामा ट्रक नऊशे ऐंशी. नेट सातशे चाळीस किलो.

भैयालालनं पावती छापायला घेतली. मशीन माल विचारल्याशिवाय पुढे जात नव्हतं.

"क्या माल लिखूँ, बाबूजी?"

बाबांनी नऊ जणींकडे बघितलं. "मिक्स लिख."

ती पावती बाबांनी फ्रिजवर चुंबकानं लावली. एका महिन्यानं नेट कमी झालं पाहिजे, असा हुकूम निघाला. आणि खरंच, त्या महिन्यात बायका मन लावून चालल्या. चहा चार फाटकांवरून एकावर आला. अंजनाबाई तर खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठू लागल्या आणि दर वेळी खुर्चीला शाबासकी देत.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आम्ही परत गेलो. या वेळी मित्रानं ट्रकच्या मागे बसायचा हट्ट धरला, रडली, लोळली, तेव्हा मी तिला वर दिली. मुलीवर डोळा ठेवायला मी जगात कुठंही विसरत नाही. त्या दिवशी माझा डोळा आकड्यावर होता.

नेट सातशे साठ.

महिनाभर चालून, कारलं खाऊन, नूतनताईंचं मेथीचं पाणी पिऊन वीस किलो वाढले होते. सगळ्या एकमेकींच्या पोटाकडे बघायला लागल्या. बाबांना मात्र हुरूप आला. छत्तीस वर्षांत अशी चोरी त्यांनी खूपदा पकडली होती. एकेक बाई उतरवायची, काटा वाचायचा, तिला परत चढवायची, काटा जेवढा उतरला तेवढं तिचं वजन. बायका राजी होईनात. शेवटी मी वही काढली आणि शपथ घेतली की आकडे फक्त मी बघेन, कोणाला सांगणार नाही, मित्राची शपथ. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. काडी असले तरी मी शिकलेली होते.

नऊ वेळा काटा वाचला, नऊ आकडे लिहिले, वही पर्समध्ये ठेवली. वीस किलो कोणाचे ते मलाही कळलं नाही.

परत येताना नाक्यावर चेकिंगवाल्यांनी ट्रक थांबवला. साहेबांनी ड्रायव्हरकडून पावती घेतली, वाचली, मागे येऊन ताडपत्री उचलली. आत नऊ बायका आणि एक मूल.

"माल कहाँ है?"

बाबा पुढे झाले. साहेबांनी त्यांना समजावून सांगितलं, अगदी सभ्यपणे, की पेच असा आहे: हे लोक सवारी, म्हणजे प्रवासी, असतील तर मालाच्या गाडीत बसता येत नाही, गाडी जप्त. आणि हे सवारी नसतील तर पावतीप्रमाणे सातशे साठ किलो मिक्स माल दिसला पाहिजे. बाबांनी थोडा विचार केला, आणि प्लान्टचा छत्तीस वर्षांचा अनुभव पणाला लावून आम्हाला माल म्हणून जाहीर केलं.

"तो आयटमवाइज बताइए," साहेब म्हणाले आणि कागद पुढे ओढला.

माझं असं आहे की युनिफॉर्म समोर आला की माझी जीभ आपोआप खरं बोलते. बँकेत, शाळेत, रेल्वेत, सगळीकडे. कोणी म्हणेल मी गप्प बसायला हवं होतं. हे मलाही नंतर घरी आल्यावर सुचलं. तिथं मी वही उघडली आणि स्पष्ट आवाजात वाचायला लागले. भीमाबाई, नव्वद. सासूबाईंना आपलं नाव सरकारी कागदावर माल म्हणून चढताना ऐकून हसू फुटलं, आणि त्यांचं हसू एकदा सुटलं की आवरत नाही. नूतनताई, ऐंशी. आता सगळ्याच हसत होत्या, नूतनताई सोडून. सासूबाई पोट धरून हसत असतानाच मी पुढचं वाचलं.

"अंजनाबाई, एकशे वीस."

साहेबांनी मान वर करून ट्रकमध्ये बघितलं, आयटम ओळखायला. ओळखला.

उरलेले सहा आकडे मी वाचले, कारण सुरू केलेलं काम मी पुरं करते. बेरीज सातशे नव्वद आली. साहेब म्हणाले पावतीवर साठ आहे, यादीत नव्वद, तीस किलो माल कुठे उतरवला? बाबांनी समजावलं की धरमकाटा दहा-दहा किलोनं बोलतो, अधलंमधलं त्याला दिसत नाही, नऊ वेळा तोललं की चूक नऊदा जमते. साहेबांना हे पटायला पाऊण तास लागला. शेवटी त्यांनी यादी फाडली, पावती फाडली, आणि बायकांना ऑटोनं जायला सांगून ट्रक रिकामा सोडला. सगळ्या बडबडत होत्या. अंजनाबाई पहिल्या ऑटोत पुढे बसल्या, सेक्टरच्या चौकात उतरल्या आणि मागे न बघता गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या चालायला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नाही. फोन वाजून बंद होई. आठवड्यात बाकीच्याही गळाल्या, कारण हसवायला कोणी नसेल तर नऊ बायका कशाला चालतील? नूतनताईंचा निरोप आला की काडीनं घर जाळलं.

त्याच आठवड्यात मित्रा सतरंजीवर बसून ट्रक-ट्रक खेळत होती. बाहुलीला उशीवर बसवून तिनं उशी खाली उतरवली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "अंजनाआजी अशी उतरली. मले मांडीवर घेऊन. मंग तू लिवलं."

मित्राचं वजन सोळा किलो आहे. लसीच्या कार्डावर माझ्याच हातानं लिहिलेलं. वाढलेले वीस किलो म्हणजे काट्याची थोडी चूक आणि माझी मुलगी, आणि ही माझी मुलगी मी अंजनाबाईंच्या नावावर चढवली होती.

मी तशीच स्कूटर काढून त्यांच्या क्वार्टरला गेले. दार वाजवलं. पडदा हलला, दार नाही. तेव्हा मी दारालाच सगळं सांगितलं. मांडी, मित्रा, सोळा किलो, दहा-दहाचा काटा, युनिफॉर्म, माझी जीभ. मग आतून आवाज आला, अगदी दाराजवळून.

"सोळा गेले तरी एकशे चार राह्यते, पोरी."

मी घरी आले आणि स्वयंपाकघरात सासूबाईंसमोर रडायला बसले की सगळं माझ्यामुळे झालं. त्या कणीक मळत होत्या. थांबल्या नाहीत.

"तू वाचलं," त्या म्हणाल्या. "हसली मी."

त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि मला न सांगता निघाल्या. मी मुलगी अतुलच्या हाती देऊन मागे धावले. मल्याळी मावशी फाटकात कॉफी घेऊन उभ्या होत्या. सासूबाईंनी हात जोडले. अंजनाच्या घरचा चहा पिईन, मगच दुसऱ्याचा, तोपर्यंत कोणी बोलावू नका, हे त्यांनी त्या फाटकावर सांगितलं, बंगाली काकूंच्या फाटकावर सांगितलं, ठेकुआवर आणि खुरमीवर सांगितलं. पावणेदोन किलोमीटर चालत त्या अंजनाबाईंच्या फाटकाशी गेल्या. आत जाऊन दार वाजवलं, "अंजना, मी वो," म्हणाल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पावणेदोन किलोमीटर परत आल्या.

तेव्हापासून रोज. दुपारी जेवण झालं की एकदा, रात्री जेवण झालं की एकदा. पावसात छत्री घेऊन. एकट्या जात आणि एकट्याच परत येत. म्हणजे त्यांची जूनमधली सूचनाही खोटी पडली, आणि ती खोटी पडलेली मला बघवेना.

पंधराव्या दिवशी धो-धो पाऊस होता. सासूबाई पोचल्या तर ओसरीवर, छज्ज्याखाली, एक स्टूल ठेवलेलं. दार बंद. त्या बसल्या, दाराशी पाऊण तास गप्पा मारून आल्या. महिनाभरानं स्टुलाशेजारी पाण्याचा तांब्या आणि पेला. चहा नाही. "पाणी तं पाजून राहिली," त्या म्हणाल्या आणि रात्री दोन पोळ्या खाऊन झोपल्या.

मागच्या आठवड्यात रिपोर्ट आला. आठ पॉइंट आठचे सात पॉइंट पाच. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. वजन विचाराल तर दीड किलो कमी, तेही आमच्या खेळण्यातल्या काट्यावर, चांगल्या फरशीवर. त्या म्हणाल्या, मी म्हटलं होतं ना. मग विचारलं, नेमका कोणता व्यायाम केलात?

"मैत्रिणीच्या दारापर्यंत," सासूबाई म्हणाल्या.

सुई टळली. बाहेर येऊन त्यांनी रिपोर्ट पिशवीत घातला आणि म्हणाल्या, अंजनालाही हेच रक्त तपासायला लावायचं, तिच्या मशीन-फुटण्याच्या गोष्टी बंद करायच्या.

आता माझी अडचण बघा. सासूबाईंची शुगर एका बंद दारावर टिकून आहे. ते उघडलं की पहिला चहा अंजनाबाईंचा, आणि अंजनाबाई चहात तीन चमचे घालतात. मागोमाग मल्याळी, बंगाली, बिहारी सगळं सुरू. सून म्हणून मी ते दार बंद राहावं अशी प्रार्थना करायला हवी. मी रोज दुपारी सासूबाईंची वाट बघत फाटकाशी उभी राहते आणि त्या उशिरा आल्या तर बरं, असं म्हणते. उशीर म्हणजे कदाचित दार उघडलं.

दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, दर वर्षी जातो. चार दिवस. गुलाबरावही त्याच दिवसांत ड्युटीवर आहेत, मी विचारलं. म्हणजे चार दिवस त्या दारावर कोणी जाणार नाही. सासूबाईंनी कपडे भरले आहेत पण पिशवी बांधत नाहीत.

तर तुमच्यापैकी कोणी भिलाईत असाल, आमच्या बाजूच्या सेक्टरांत असाल, तर त्या चार दिवसांत एकदा तिकडे जाऊन या. जेवण झाल्यावर, चालत जा. हिरवं फाटक आहे, त्यावर रेल्वेची जुनी पाटी आहे, चुकणार नाही. सांगा की भीमाताई नागपूरला गेल्यात, सोमवारी येतील. विचारा की शुगर तपासली का. आकडा विचारू नका, तो त्यांचा आहे. चहा मागू नका. दार बहुतेक उघडणार नाही. पण ओसरीवर स्टूल असेल, ते तुमच्यासाठी नसलं तरी थोडा वेळ बसा.